किलोमागे पन्नास ग्रॅम

लोखंड कापणं सोपं आहे. कापलेलं लोखंड पुन्हा जागच्या जागी चिकटवता येत नाही, एवढीच काय ती अडचण. अकोल्यात छत्तीस वर्षं मी हेच काम केलं. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये गोल भोकं असतात, त्यांत पिस्टन वरखाली होतो. ती भोकं घासून ओबडधोबड झाली की यंत्रावर कापून थोडी मोठी आणि गुळगुळीत करून द्यायची, याला आम्ही बोअर करणं म्हणतो. दुकानाच्या पाटीवर 'बोअरिंग' वाचून वर्षाला दोनचार शेतकरी तरी "किती फूट मारता?" असं विचारत आत यायचे. त्यांना चहा पाजून परत पाठवावं लागायचं.

घासलेलं इंजिन दुरुस्त करणं हे झालं रोजचं काम. त्याविषयी लिहिण्यासारखं फारसं नाही. पण काही गिऱ्हाइकांचं इंजिन ठणठणीत असायचं आणि तरीही त्यांना ते मोठं करून हवं असायचं. "भाऊ, सीसी वाढवून द्या." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की माणूस पायरी चढतानाच मला त्याच्या तोंडावर ते दिसायचं.

सीसी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिस्टन एका खेपेत किती हवा आत ओढतो त्याचं ते माप. भोक रुंद केलं की हवा जास्त, हवा जास्त की तेल जास्त जळणार, आणि तेल जास्त जळलं की ताकद जास्त. आता साधारण जीपच्या इंजिनाचं भोक घ्या. ते दोन मिलिमीटरने वाढवलं, तर माप वाढतं किलोमागे जेमतेम पन्नास ग्रॅम. भाजी घेताना एवढं तर बाई हक्काने वर टाकून घेते. या पन्नास ग्रॅमसाठी इंजिन पूर्ण खोलायचं, ब्लॉक कापायचा, नवे पिस्टन, नव्या रिंगा, आठ दिवस गाडी उभी. वर भोकाच्या भोवतालची भिंत पातळ होते ती वेगळीच, आणि पातळ भिंतीचं इंजिन आमच्या मे महिन्यात उभ्याउभ्या तापतं. अख्खं इंजिनच मोठं आणून बसवायचं म्हटलं, तर क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक सगळे जुन्या ताकदीच्या बेताचे. शिवाय आरटीओत नोंद करा, विमा कंपनीला कळवा. नाही कळवलं आणि उद्या काही झालं, तर कंपनी हात वर करते.

हे सगळं मी समोरच्याला सांगायचो. माणूस मान हलवायचा आणि शेवटी विचारायचा, "बरं, मंग कधी गाडी टाकू?"

अमरावतीचे एक प्राध्यापक शंभर सीसीची मोटरसायकल घेऊन खास अकोल्याला आले होते. त्यांना ती दीडशेची करायची होती. कुठे कुठे जाता, विचारलं. घर ते कॉलेज, संध्याकाळी बाजार. मग सीसी कशाला? बराच वेळ आढेवेढे घेतल्यावर कळलं, की राजापेठच्या पुलावर त्यांच्या विभागातला कनिष्ठ सहकारी त्यांना रोज मागे टाकून जातो आणि वर हात दाखवतो. मी म्हटलं, "सर, चेनच्या मागच्या चक्राचे दोन दात वाढवून देतो. पूल झरझर चढाल. अर्ध्या तासाचं काम आहे." त्यांना अपमान वाटला. बहुधा दातांनी समाधान होण्यासारखं ते दुखणं नव्हतं. त्यांनी दुसरीकडून काम करून घेतलं आणि ऐन मे महिन्यात पिस्टन चिकटलेली गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आणली. मी गाडी उतरवून घेतली. बिल मात्र जरा सावकाश लिहिलं.

दुसऱ्या एकाने विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन काढून आठचं बसवलं. विहीर तेवढीच होती. आधी ती दुपारी कोरडी पडायची, मग सकाळी दहालाच पडायला लागली. बाकी दिवसभर तो शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून इंजिनाची तारीफ करायचा.

अशा माणसांना हसणं सोपं आहे. मीही हसलो. पण माझ्या दुकानात एक नियम होता. गिऱ्हाइकाची गाडी त्याच्या नेहमीच्या मालाने भरून, त्याच्या नेहमीच्या रस्त्यावर, त्याच्या शेजारी बसून चालवून पाहिल्याशिवाय ब्लॉकला हात लावायचा नाही. बाकीचे मिस्त्री म्हणायचे, याला फुकट फिरायची हौस आहे. नियम कुठून आला हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तेच आता सांगायचं आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मोठं यंत्र नुकतंच घेतलं होतं आणि हातात नवं हत्यार असलेल्या माणसाला सगळीकडे कापण्याजोगंच दिसतं. अकोटजवळच्या एका गावाहून नामदेवराव नावाचे गृहस्थ आले. घरची भाजीची शेती, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कडेला शेवंती. जुनी डिझेल पिकअप होती. एरवी भाजी अमरावतीच्या बाजारात न्यायची, आणि कापसाच्या दिवसांत गावोगावचा कापूस सरकी काढायला अकोटच्या जिनिंगमध्ये भाड्याने टाकायचा.

"भाऊ, गाडी ओढूनच नाही राह्यली," ते म्हणाले. "भरली का काळा धूर सोडते अन् बसते. मोठे पिस्टन टाकून द्या. इंजिनच लहान पडून राह्यलं तिचं."

मी विचारायला हवं होतं, की हेच इंजिन गेल्या वर्षापर्यंत पुरत होतं, मग यंदाच लहान कसं पडलं? नाही विचारलं. गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने काम सांगत होतं आणि यंत्र रिकामं होतं. मी इंजिन उतरवलं, ब्लॉक कापला, दोन मिलिमीटर मोठे पिस्टन मागवले.

इंजिन परत चढवताना हवेचा नळ जोडायला घेतला, तेव्हा तो आतून बोळा घातल्यासारखा बंद. बोट घालून ओढलं तर कापड निघालं. जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि त्यावर रुईचे, म्हणजे कापसाचे, तंतू बसून बसून त्याचा नमदा झालेला.

झालं होतं असं. जिनिंगच्या आवारात हवेतसुद्धा रुई उडते. दोन खेपांत हवेचा फिल्टर चोंदतो. म्हणून आमच्याकडचे बरेच ड्रायव्हर त्या दिवसांत फिल्टर काढून घरी ठेवतात आणि नळाच्या तोंडाला घरातलं जुनं लुगडं फाडून बांधतात. रोज झटकलं की झालं, असा हिशेब. नामदेवरावांचं कापड सुतळी सैल होऊन आत ओढलं गेलं होतं आणि वळणावर अडकलं होतं. इंजिन लहान नव्हतं. त्याचा श्वास कोंडला होता. हा नळ मी आधी उघडून पाहिला असता, तर पाच मिनिटांत गाडी परत गेली असती.

पण ब्लॉक कापून झाला होता. मी इकडेतिकडे पाहिलं आणि तो बोळा खिशात टाकला.

संध्याकाळी नामदेवराव गाडी न्यायला आले. बरोबर त्यांच्या घरच्या बाई होत्या, गिरजावहिनी. नामदेवराव आत माझ्याशी बोलत होते आणि वहिनी बाहेरच्या बाकावर बसून होत्या. पैशांची सोय कशी केली हे नामदेवरावांनीच सहज सांगितलं. वहिनींची दुभती म्हैस विकली होती. माहेरून आणलेली वगार लहानाची मोठी करून त्यांनी केलेली म्हैस. गाडी चालू झाली, तिचा आवाज ऐकून नामदेवरावांचा चेहरा फुलला. वहिनी उठून माझ्याकडे आल्या.

"काहो भाऊ, आता इंजिन मोठं झालं म्हंजे खेपा जास्त होतीन. मंग म्हैस परत येईन नं?"

माझा हात खिशात होता, त्या बोळ्यावर. मी म्हणालो, "येईल ना वहिनी. का नाही येणार?"

जाता जाता मी नामदेवरावांना बजावलं, की फिल्टर कधी काढायचा नाही. "काहून?" त्यांनी विचारलं. खरं कारण सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "मोठ्या इंजिनाला फिल्टर लागतोच." त्यांना ते पटलं.

गाडी अर्थातच पळायला लागली. नळ मोकळा झाला होता, ती पळणारच होती. पण अकोटच्या बाजारात नामदेवरावांनी माझं नाव असं काही केलं, की त्या भागातली निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या सांगण्यावरून माझ्याकडे आली. "भाऊचा हात लागला अन् गाडी हत्ती झाली," असं ते सांगायचे. दर दिवाळीला वांग्यांची एक थैली माझ्या घरी यायची. ती वांगी मी खाल्ली. चव चांगली होती, हे लिहायला मला आज लाज वाटते.

बोळा मी फेकला नाही. पिस्टनच्या रिंगांच्या एका रिकाम्या डब्यात घालून कपाटात ठेवला आणि त्या दिवसापासून भरल्या गाडीत बसण्याचा नियम सुरू केला. आपण सुधारलो, आता पाप फिटलं, असं मी स्वतःला सांगत असे. गिरजावहिनी गेल्याचं काही वर्षांनी कानावर आलं. मी भेटायला गेलो नाही.

दुकान दुसऱ्याला दिलं आणि जठारपेठेतल्या घरी बसलो, त्याला आता काही वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी फाटकाशी छोटी मालवाहू गाडी थांबली. चालवणारी पस्तिशीची एक बाई होती, शेजारी नामदेवराव. ती त्यांची सून, सविता. मुलाच्या पाठीचं दुखणं निघालं, तेव्हापासून तो शेत पाहतो आणि गाडी ही चालवते. आठवड्यातून दोनदा ती चिखलदऱ्याच्या दोन हॉटेलांना भाजी पोचवते.

"काका, परतवाड्याच्या पुढं घाट लागला का गाडी मरते," ती म्हणाली. "मागच्या दोन खेपांले मी बारा वाजता पोचली. हॉटेलवाले म्हन्तात, अजून एक डाव उशीर झाला तर दुसरा मानूस पाहू. ते काम गेलं तर घरात रोख पैसा येनं बंद."

"मोठं इंजिन बसवून द्या इले," नामदेवराव म्हणाले. "मी सांगतलं, आपल्या भाऊकडंच जाऊ. सविताच्या चार बांगड्या हायत. त्या मोडू. माह्या गाडीचं केलं होतं तसं करून द्या."

सविताने हात पदराखाली घेतला. बांगड्या हातातच होत्या.

मी म्हणालो, दुकान नाही, पण गाडीत बसून पाहतो. दोन दिवसांनी पहाटे त्यांच्या गावी गेलो. गाडी भाजीने भरलेली होती. तिघं कशीबशी पुढे बसलो आणि अंजनगाववरून परतवाडा गाठलं. सपाट रस्त्यावर गाडी कुरकुरत का होईना चालली. घाटाच्या तिसऱ्या वळणावर तिने काळा धूर सोडला. तो धूर मी एकदा ओळखायला चुकलो होतो.

"थांबव," मी म्हटलं. "फिल्टर कुठे आहे हिचा?"

"घरी. मामाजीनं काढून ठेवाले लावला." सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. "आता जिनिंगचे भाडे करून राह्यलो नं. कपडा बांधला हाय."

"मी नामदेवरावांना सांगितलं होतं, फिल्टर काढू नका म्हणून."

"तुमी मोठ्या इंजिनाचं सांगतलं होतं," नामदेवराव लगेच म्हणाले. "मोठ्याले फिल्टर लागतेच. हे तं लहान हाय. लहान्याले कपडा चालते."

मी दार उघडून रस्त्याच्या कडेला उतरलो. माझं एक खोटं वाक्य वीस वर्षं त्यांनी जपून ठेवलं होतं, त्यातून त्यांनी नियम काढला होता आणि तो सुनेला शिकवला होता. ते वाक्य आता तिच्या बांगड्यांपर्यंत पोचलं होतं.

सीट उचलायला लावली, नळ सोडवला आणि सविताला म्हटलं, हात घाल. तिने कोपरापर्यंत बाही सारली आणि ओढलं. निघालं ते कापड पॉलिएस्टरचं होतं. बाकी सगळं तेच. गाडी चालू केली, दुसऱ्या गिअरमध्ये घेतली आणि आम्ही वर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. हॉटेलच्या मागच्या दाराशी क्रेट उतरवताना सविता एकटीच हसत होती. मला म्हणाली, "म्हंजे बांगड्या राह्यल्या." मी म्हटलं, राहिल्या. उतरताना परतवाड्यात नवा फिल्टर घातला. धुळीने रिंगा थोड्या घासल्या असतील, पण अजून दोनेक वर्षं काढतील, हेही तिला सांगितलं.

नामदेवराव येताना सगळा रस्ता गप्प होते. मला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं. पण अकोटला चहा पिताना ते टपरीवाल्याला म्हणाले, "पाह्यलं का? भाऊचा नुसता हात लागला अन् गाडी घाट चढली." तेव्हा मी ठरवलं, की आता सांगायचं.

आठ दिवसांनी ते वांग्यांची थैली घेऊन जठारपेठेत आले. दिवाळी नव्हती. मी कपाटातून डबा काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि जे वर लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. बोळा कधी सापडला, खिशात का घातला, फिल्टरचं खोटं का बोललो. "नामदेवराव, तुमच्या इंजिनाला काही झालं नव्हतं. मी किलोमागे पन्नास ग्रॅम वाढवून दिले, आणि त्यांची गरज नव्हती. म्हैस उगाच गेली."

शिव्या खायची माझी तयारी होती. नामदेवरावांनी डब्यातला बोळा काढला. बाहेरची रुई काळी पडून कडक झाली होती. नखाने ती सोलत सोलत त्यांनी कापड उलगडलं. आतल्या घडीत रंग शाबूत होता, हिरव्यावर बारीक पिवळी फुलं.

"हे तं हिचं लुगडं," ते म्हणाले. "जुनं समजून मी फाडलं. ती अजून नेसत होती ते. दोन दिवस माह्याशी बोलली नाही."

नामदेवरावांनी फुलांवरची उरलेली रुई झटकली.

"लुगड्यासाठी भांडली. म्हशीसाठी कधी काही बोलली नाही."

"मी म्हैस घेऊन देतो," मी म्हणालो. "ते देणं माझ्याकडे आहे."

"अन् धार काढते कोन?" नामदेवराव म्हणाले. त्यात राग नव्हता. सून पहाटे गाडीवर जाते, मुलगा वाकू शकत नाही, म्हणून नुसतं विचारलं होतं. त्यांनी कापडाची चौकोनी घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. चहा पिऊन झाला. ते उठले, चपला घातल्या आणि फाटकाशी थांबले.

"भाऊ, त्या दिवशी हिनं तुमाले बाहेर काही इचारलं होतं नं?"

"विचारलं होतं. म्हैस परत येईल का म्हणून."

"तुमी काय म्हन्लं?"

"येईल म्हणालो."

"हां. तेच ती घरी येऊन सांगे. भाऊ म्हन्ले, येईन." त्यांनी फाटकाची कडी काढली. "गोठ्यात म्हशीचा खुटा होता. मी दोनतीन डाव उपटाले गेलो. तिनं उपटू नाही देल्ला. अजून तसाच हाय."

मी त्यांना कोपऱ्यावरच्या रिक्षापर्यंत पोचवलं. घरी आलो तर वांग्यांची थैली ओट्यावर तशीच होती, आणि रिकामा डबा उघडा.